फ्लॉक, हर्ड, ट्रूप, फाइल: जमावाच्या हालचालीचं इंग्रजी कसं लिहायचं

पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, पहिल्या वर्षातल्या एका मुलीनं वहीत वाक्य लिहून आणलं होतं: ‘माय ग्रँडमदर फ्लॉक्ट टू सौंदत्ती.’ खानापूरकडच्या गावातून रोज बसनं बेळगावला येणारी मुलगी. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, सगळं मराठीतून झालेलं आणि पीयूसीला एकदम सगळं इंग्रजीत. सौंदत्ती म्हणजे यल्लम्माचा डोंगर. शब्दकोशात तिला फ्लॉकचा अर्थ सापडला होता, ‘ओढीने जाणे, धाव घेणे’. मराठीत ‘आज्जीनं सौंदत्तीला धाव घेतली’ हे वाक्य बिनचूक आहे. इंग्रजीत ते उभंच राहत नाही, कारण आज्जी एकटी होती.

मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘टीचर, एकटी नव्हती की. गल्लीतल्या सहा बायका होत्या संगट.’

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. सीमाभागातली आपली मुलं घरी मराठी बोलतात, बसमध्ये आणि बाजारात कन्नड बोलतात आणि परीक्षेत इंग्रजी लिहितात. तीन भाषा सांभाळणाऱ्याला हुशारी कमी नसते. त्याला शब्दाचा अर्थ मिळतो, पण शब्द कुठं बसतो ते कुणी दाखवत नाही. म्हणून हा लेख. फ्लॉक हे एक क्रियापद नीट धरायचं आणि त्याच्या आजूबाजूची चार-पाच क्रियापदं ओळखीची करून घ्यायची, एवढंच काम आहे. वही जवळ ठेवा.

पहिली पायरी: तोंडात बसवा

स्पेलिंग एफ, एल, ओ, सी, के. उच्चार फ्लॉक, क्लॉक आणि ब्लॉकसारखा. ‘फ्लोक’ नव्हे. भूतकाळात पुढं ईडी लागतं, पण म्हणताना ‘फ्लॉकेड’ म्हणायचं नाही, ‘फ्लॉक्ट’ म्हणायचं. क, प, स अशा आवाजावर संपणाऱ्या क्रियापदांचं ईडी हे ‘ट’सारखं ऐकू येतं: वॉक्ट, स्टॉप्ट, ट्रूप्ट. थ्रॉन्ग, स्वॉर्म, फाइल यांच्या शेवटी मात्र ‘ड’ येतो. हर्ड आधीच ‘ड’वर संपतं, म्हणून तिथं वेगळं अक्षर वाढतं, हर्डिड. फ्लॉकच्या शेवटचा क नीट कापून म्हणा. तो सैल पडून ग झाला तर फ्लॉग होतं, आणि फ्लॉग म्हणजे चाबकानं फोडून काढणं.

दुसरी पायरी: जाणारे मोजा

वाक्याचा कर्ता एकटा माणूस असेल तर फ्लॉक बाद. आज्जी, मंत्री, नट, कुणीही असो, एकट्यासाठी वेंट, हरीड, रश्ड असली साधी क्रियापदं वापरायची. मराठी माणूस चुकतो तो इथंच, कारण आपली ‘धाव घेणे’, ‘गाठणे’ ही क्रियापदं एकट्यालाही चालतात आणि हजारांनाही चालतात.

मग सहा बायकांचं काय? सहा हा आकडा अनेकवचनी आहे, तरी ‘सिक्स विमेन फ्लॉक्ट’ कानाला खटकतं. फ्लॉकला मोजलेला, नेमका, छोटा आकडा मानवत नाही. त्याला मोजता न येणारी माणसं लागतात: पीपल, टूरिस्ट्स, पिलग्रिम्स, थाउजंड्स, क्राउड्स. मराठीत ‘सहा जणींची रीघ लागली’ असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. रीघ म्हटलं की शेवट दिसत नाही असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. मी त्या मुलीला हीच रीघ दाखवली आणि तिनं वाक्य असं फिरवलं: ‘ऑन द फुल मून डे थाउजंड्स फ्लॉक टू सौंदत्ती. माय ग्रँडमदर वेंट विथ सिक्स विमेन फ्रॉम अवर लेन.’ पहिल्या वाक्यात डोंगर दिसतो, दुसऱ्यात आज्जी. मला ही दोन वाक्यं फार आवडली.

निर्जीव वस्तूंना फ्लॉक शक्यतो लावू नका. गाड्या, पत्रं, ट्रक फ्लॉक करत नाहीत. माणसं करतात, पाखरं करतात, शेळ्यामेंढ्या करतात.

तिसरी पायरी: ओढ कुणाची ते विचारा

या पायरीवर थोडं थांबू. सगळ्या लेखातलं महत्त्वाचं ते हेच.

उन्हाळ्यात आमच्या शेतात बकरी बसवतात. आपल्याकडं बकरी म्हटलं तरी त्यात बहुतेक मेंढरंच असतात, काळी, आखूड लोकरीची. धनगर दोन-तीन दिवस कळप रानात बसवतात, लेंडीखत जमिनीला मिळतं, त्याबदल्यात त्यांना धान्य किंवा पैसे दिले जातात. रात्री जाळी लावून मेंढरं आत घेतात. पहाटे जाळी सुटली की दोन गोष्टी अगदी लागोपाठ बघायला मिळतात.

जाळी सुटल्यावर मेंढरं आपणहून कुठं जात नाहीत. जागच्या जागी वळतात, एकमेकांच्या पोटाखाली तोंड खुपसतात. मग धनगरमामा मागनं येतात, काठी आडवी धरतात, तोंडानं एक लांब आवाज काढतात, कुत्रा एका बाजूनं फिरतो आणि कळप बांधाकडं सरकायला लागतो. बांध ओलांडून थोडं पुढं गेलं की खाली ओढ्यातलं डबकं दिसतं. पाणी दिसल्याबरोबर पुढच्या दोन मेंढ्या मान वर करतात आणि पळत सुटतात. त्यांच्या मागनं दहा, मग पन्नास, मग सगळा कळप धूळ उडवत पाण्याला भिडतो. धनगरमामांची काठी खांद्यावर असते. ते मागं सावकाश चालत असतात.

कळप तोच, रान तेच. पण डबकं दिसण्याआधी जे चाललं होतं ते हर्ड, आणि पाणी दिसल्यावर जे झालं ते फ्लॉक. हर्डमध्ये जोर मागून येतो, कुणीतरी हाकत असतं. फ्लॉकमध्ये ओढ पुढून असते, आणि प्रत्येक जीव आपल्या पायांनी निघालेला असतो.

व्याकरणही याच चित्राच्या मागं चालतं. हर्डला कर्म लागतं, कारण हाकणारा आहे म्हणजे हाकला जाणाराही आहे: ‘द शेफर्ड हर्डिड द शीप.’ त्याचं कर्मणी रूपही होतं: ‘वुई वर हर्डिड इंटू वन बस.’ फ्लॉकला कर्म नाही. ‘द गाइड फ्लॉक्ट द टूरिस्ट्स’ असं वाक्य होत नाही, ‘द टूरिस्ट्स वर फ्लॉक्ट’ तर नाहीच नाही. कुणी कुणाला फ्लॉक करू शकत नाही.

माणसांबद्दल हर्ड वापरताना सांभाळून. त्यात अपमान आहे. माणसांना जनावरांसारखं कोंबलं, हाकललं, असा त्याचा सूर. बस बंद पडली आणि दोन बसचे प्रवासी एका बसमध्ये घातले, तर तक्रारीच्या पत्रात ‘वुई वर हर्डिड’ लिहा, ते तिथं अगदी बरोबर आहे. पण शाळेच्या अहवालात ‘द टीचर्स हर्डिड द चिल्ड्रन टू द ग्राउंड’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला शिक्षिका कठोर वाटतील. तिथं ‘लेड’ किंवा ‘टुक’ लिहा.

इंजिनिअरिंगला गेलेली माझी जुनी मुलं कधी भेटली की हाच शब्द दुसऱ्या वाटेनं परत येतो. १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञांनी संगणकावर पाखरांचा थवा कसा उडवायचा ते मांडलं. त्यात पुढारी पाखरू नव्हतं. प्रत्येक पाखराला तीनच नियम: शेजाऱ्याला धडकू नको, शेजाऱ्याच्या दिशेनं आणि वेगानं जा, आणि शेजाऱ्यांपासून लांब पडू नको. तेवढ्यावर पडद्यावर खराखुरा थवा वळायला लागला. या प्रकाराला तिथं फ्लॉकिंग म्हणतात. थंडीत जोंधळ्याच्या रानावर भोरड्यांचा थवा ज्यांनी वळताना पाहिलाय, त्यांना हे लगेच पटेल. हजार पाखरं एका अंगानं खाली येतात, त्यांना कुणी हुकूम देत नाही. फ्लॉक या क्रियापदाच्या पोटात हेच आहे, मुकादम नसलेली हालचाल.

कन्नड येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कन्नडमध्ये ‘कुरी हिंडु’ म्हणजे मेंढरांचा कळप, आणि हिंडु हा शब्द गाईगुरांनाही चालतो, हत्तींनाही. इंग्रजीत तसं चालत नाही. मेंढ्या, शेळ्या आणि पाखरं यांचा फ्लॉक, गाई-म्हशी, गवे आणि हत्ती यांचा हर्ड. खानापूरच्या जंगलपट्टीत गव्यांचा कळप दिसला तर ‘अ हर्ड ऑफ गौर’. याउलट कन्नड पेपरात येणारं ‘तंडोपतंडवागि बंदरु’ आठवा. टोळ्याटोळ्यांनी, एकामागून एक लोक आले, हा त्याचा अर्थ. फ्लॉकच्या अगदी जवळ जाणारा शब्द आहे तो, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ‘रीघ’ आठवायच्या आधी हाच आठवतो. तसा आठवला तर बिचकू नका, तिथूनच इंग्रजीत उतरा.

एक शंका मुलं नेहमी विचारतात. माणसांना फ्लॉक म्हणणं म्हणजे त्यांना मेंढरं म्हणणं नव्हे का? नव्हे. जुन्या इंग्रजीत फ्लॉक हा शब्द मुळात माणसांच्या टोळीसाठीच होता, मेंढरं आणि पाखरं त्यात नंतर आली. चर्चमध्ये फादर आपल्या लोकांना फ्लॉक म्हणतात तेही मायेनंच. शब्दाला थोडी ‘इतर चालले म्हणून आपणही चाललो’ अशी छटा आहे हे खरं, पण ती टोचणारी नाही.

चौथी पायरी: टू विसरू नका

फ्लॉकच्या पुढं ठिकाण आलं की मध्ये ‘टू’ हवा. आपल्याला हे सोपं जावं, कारण ‘सौंदत्तीला’ यातला ‘ला’ म्हणजेच तो टू. तरीही वह्यांमध्ये ‘पीपल फ्लॉक्ट द टेम्पल’ आणि ‘पीपल फ्लॉक्ट इन सौंदत्ती’ ही दोन्ही वाक्यं मला दर वर्षी सापडतात. पहिल्यात टू गाळला, दुसऱ्यात टूच्या जागी इन घातला. बरोबर वाक्य एकच: ‘पीपल फ्लॉक्ट टू द टेम्पल.’

हिअर आणि देअर यांच्याआधी टू घालायचा नाही: ‘पीपल फ्लॉक देअर एव्हरी इयर.’ इथं ‘तिथं’ म्हटल्यावर वेगळा ‘ला’ लागत नाही, तसंच.

एखाद्या माणसाभोवती घोळका जमला तर अराउंड: ‘द चिल्ड्रन फ्लॉक्ट अराउंड द बलून सेलर.’ कशासाठी आले ते सांगायचं असेल तर पुढं टू आणि क्रियापद. याचं उदाहरण मी नेहमी आपल्या गावाचंच देते. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि त्यांनी अध्यक्षपद घेतलेलं ते एकमेव अधिवेशन. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्या वेळची. आता वाक्य करा: ‘इन डिसेंबर १९२४ पीपल फ्लॉक्ट टू बेळगाव टू हिअर गांधीजी.’ पहिला टू ठिकाणाचा, दुसरा हेतूचा. एका वाक्यात दोन्ही टू आपापल्या जागी बसले की हे क्रियापद हातात आलं असं समजा.

‘फ्लॉक्ट इन लार्ज नंबर्स’ असंही पुष्कळ ठिकाणी छापून येतं. चूक नाही, पण लार्ज नंबर्स फ्लॉकमध्ये आधीच आहेत. ‘अलोट गर्दी मोठ्या संख्येनं लोटली’ म्हणण्यासारखं ते आहे. मी मुलांना तो शेवटचा भाग खोडायला लावते.

पाचवी पायरी: येणं आणि जाणं वेगळं ठेवा

फ्लॉकला पुढं काहीतरी लागतं, पाणी, देव, सवलतीचा सेल, नवा धबधबा. जिथून निघाले तिथं त्याचं लक्ष नसतं. म्हणून सभा सुटली, शाळा सुटली, सिनेमा सुटला की फ्लॉक आउट लिहू नका. बाहेर पडण्यासाठी स्ट्रीम्ड आउट, ट्रूप्ट आउट, फाइल्ड आउट असे पर्याय आहेत, आणि तिन्ही वेगळी चित्रं दाखवतात. स्ट्रीम म्हणजे प्रवाह, न थांबता वाहत बाहेर. बाकी दोन खाली येतातच.

सहावी पायरी: शेजारची क्रियापदं

ट्रूप. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ टोळी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळं ट्रूप्स हा शब्द आपल्याकडच्या पोरांनाही माहीत असतो, पण फौजेपुरता. एका जवानाला ‘अ ट्रूप’ म्हणत नाहीत, तो सोल्जर, हेही सांगून ठेवते. रोजच्या वापरात क्रियापद म्हणून ट्रूपचा कवायतीशी संबंध नाही. माहीत असलेली, मोजता येण्याजोगी माणसं घोळक्यानं चालत जातात तेव्हा ट्रूप: ‘द चिल्ड्रन ट्रूप्ट इंटू द क्लास.’ फ्लॉकसारखी आतली ओढ त्यात नसते. उलट पुष्कळदा थोडा थकवा असतो, किंवा ‘जायचं म्हणून जायचं’ असा भाव. पावसात भिजून सहलीहून परतलेली मुलं बसमधून उतरून शाळेत शिरतात ती ट्रूप करतात. आणि आज्जीबरोबरच्या त्या सहा जणी? डोंगर चढून, भंडाऱ्यानं पिवळ्या होऊन, दमून गल्लीत परतल्या तेव्हा त्यांनी ट्रूप केलं: ‘द विमेन ट्रूप्ट होम इन द ईव्हनिंग.’ होमच्या आधी टू नाही.

फाइल. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन फिलम आहे, म्हणजे सूत, धागा. कागद पूर्वी दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, त्यावरून कागदांची फाईल आली. वाण्याच्या दुकानात उभ्या तारेत खोचलेल्या पावत्या पाहिल्यात ना, ती मूळची फाईल. माणसंही एका धाग्यात ओवल्यासारखी एकामागं एक चालली की ‘दे फाइल्ड’. दर्शनाची बारी पुढं सरकते ती फाइल. पंढरीला निघालेली दिंडी बांधावरच्या पायवाटेला लागली की वारकरी एकामागं एक होतात, तीही फाइल. परीक्षेच्या हॉलमध्ये रांगेनं शिरणं, अंत्यदर्शनाला मृतदेहासमोरून एकेकानं जाणं, ‘पीपल फाइल्ड पास्ट’. यात शिस्त आहे आणि शांतता आहे. आवाज असेल तर फाइल लिहू नका.

थ्रॉन्ग. याचं लक्ष जाण्यावर कमी आणि जागा भरण्यावर जास्त. म्हणून याला टू न लावता सरळ ठिकाण लावता येतं: ‘पीपल थ्रॉन्ग्ड द स्ट्रीट्स.’ शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक आठवा, आपल्याकडं वैशाखात निघते ती. रात्रभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, गॅलऱ्यांत, पायऱ्यांवर माणसं. ती कुठं जात नाहीत, त्यांनी रस्ता भरून टाकलाय. तिथं थ्रॉन्ग. संध्याकाळी खेड्यापाड्यांतून ती माणसं शहराकडं येत होती तेव्हा फ्लॉक होतं. तासाभराचाच फरक, पण क्रियापद बदललं.

स्वॉर्म. मधमाश्यांचं क्रियापद. पोळ्यातून जुनी राणी बरोबर माश्या घेऊन उठते तो स्वॉर्म. माणसांना लावलं की वेग, सगळ्या बाजूंनी येणं आणि थोडी भीती किंवा वैताग येतो: ‘रिपोर्टर्स स्वॉर्म्ड अराउंड द मिनिस्टर.’ भाविकांना हे लावू नका. बाजारपेठेतली गर्दी त्रासाची होती असं म्हणायचं असेल तर चालेल: ‘द मार्केट वॉज स्वॉर्मिंग विथ पीपल.’

रश हा शब्द आपल्याकडं फार वापरतात, ‘देअर वॉज हेवी रश’. बोलण्यात चालू द्या. लिहिताना ‘अ हेवी रश’ असा ‘अ’ घाला, किंवा सरळ ‘द टेम्पल वॉज क्राउडेड’ लिहा.

सातवी पायरी: कुठं लिहायचं नाही

फ्लॉकमध्ये आनंद किंवा आकर्षण असतं. म्हणून दुःखाच्या जागी ते वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. छापलेलं सापडेल, तरीही.

दर वर्षी १७ जानेवारीला बेळगावातली मराठी माणसं सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जमतात. १९५६ सालच्या त्या दिवसांची आठवण अजून घराघरांत आहे. एका मुलानं त्यावर निबंध लिहिला होता, मनापासून लिहिलेला, आणि त्यात होतं ‘पीपल फ्लॉक टू हुतात्मा चौक’. व्याकरणात खोट नव्हती. कर्ता अनेकवचनी, टू जागेवर. पण इंग्रजी कान असलेल्या माणसाला वाचताना जत्रा दिसली असती. मी फ्लॉक खोडून वर ‘गॅदर’ लिहिलं आणि टूचं ‘अॅट’ केलं: ‘पीपल गॅदर अॅट हुतात्मा चौक.’ गॅदरमध्ये येणं आहे, थांबणं आहे आणि एकत्र उभं राहणं आहे. त्यानं वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, ‘टीचर, हे गप्प वाटतंय.’ गप्पच वाटायला हवं होतं.

मराठीतही हा विवेक आपण रोज करतो. जत्रेला लोक लोटतात, मयताला लोक जमतात. ‘मयताला लोक लोटले’ असं कुणी म्हटलं तर गर्दी सांगायची आहे हे कळतं, तरी कान क्षणभर अडतो. तोच अडणारा कान इंग्रजीतही कामाला लावायचा.

आगीच्या, अपघाताच्या बातमीतही फ्लॉक नको. लोक मदतीला धावले तर ‘रश्ड टू हेल्प’, बघ्यांची गर्दी झाली तर ‘अ क्राउड गॅदर्ड’.

आठवी पायरी: सराव

पुस्तकातली वाक्यं घेऊन सराव करू नका. आपल्या डोळ्यांसमोरचं घ्या. गणपती विसर्जनाची रात्र घ्या, अनंत चतुर्दशीची. खालची सहा मराठी वाक्यं वहीत उतरवा, प्रत्येकासमोर एक इंग्रजी क्रियापद लिहा, आणि ते का निवडलं ते मराठीतच एका ओळीत लिहा. कारण लिहिल्याशिवाय क्रियापद मुरत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

दुपारपासून आसपासच्या गावांतली माणसं बेळगावकडं यायला लागली. आपल्या बोलीत, ‘लोकं येऊलालेत बघ’.

संध्याकाळी गल्ल्या माणसांनी भरून गेल्या.

पोलिसांनी बघ्यांना दोरीच्या मागं रेटत नेलं.

लहान पोरं लेझीमवाल्यांभोवती गोळा झाली.

कपिलेश्वर तलावाच्या पायऱ्यांवरून एकेक मंडळाचे कार्यकर्ते ओळीनं खाली उतरले.

पहाटे मंडळाची पोरं गुलालानं माखून, घसा बसलेल्या आवाजात, घोळक्यानं घराकडं निघाली.

स्वतः लिहिल्यावर मगच पुढचं वाचा. पहिल्याला फ्लॉक टू, कारण ओढ पुढून आहे आणि माणसं मोजता येत नाहीत. दुसऱ्याला थ्रॉन्ग, आणि टू नाही. तिसऱ्याला हर्ड चालेल, पण पोलीस उद्धटपणे वागले असं तुम्हाला म्हणायचं असेल तरच, नाहीतर ‘मूव्ह्ड देम बिहाइंड द रोप’. चौथ्याला फ्लॉक अराउंड. पाचव्याला फाइल्ड डाउन, ढोलताशा थांबला असेल तर अधिकच बरोबर. सहाव्याला ट्रूप्ट होम.

यातलं तिसरं आणि पाचवं बहुतेकांचं चुकतं. चुकलं तर तिसऱ्या पायरीवरचं डबकं आणि धनगरमामांची काठी पुन्हा एकदा वाचा, आणि मग वाक्य नव्यानं लिहा. झालेली वाक्यं कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. फ्लॉक्टमधला ‘ट’ ऐकू येतो का, ते त्यांना विचारा.